हातात पाना कधी द्यायचा?

मुंबई-पुण्यातल्या आयटीवाल्याने अलिबाग पाहिलेलं नाही, असं सहसा होत नाही. टीम आउटिंग म्हणा, लग्नाआधीची शेवटची पार्टी म्हणा, नाहीतर नुसताच जोडून आलेला सोमवार म्हणा. भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोमध्ये चढवायची, तासाभरात मांडवा, आणि मग किहीम, नागाव, काशीद... ज्याची जशी ऐपत. मीही हेच करतो. फरक इतकाच की अलिबाग तालुका हे माझं आजोळ. त्यामुळे माझा मुक्काम मामाकडे असतो आणि मामीच्या हातची कोळंबी बिलात येत नाही. :-)

मांडव्याहून अलिबागकडे येताना थळच्या अंगाला आरसीएफच्या खत कारखान्याचे उंच मनोरे दिसतात. आपण गाडीच्या काचेतून ते बघतो, 'हे इथे मध्येच कशाला?' असं म्हणतो आणि जेवायला कुठे थांबायचं या जास्त महत्त्वाच्या विषयाकडे वळतो. मला मात्र ते मनोरे दिसले की माझा मामेभाऊ आठवतो. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो.

दादा आठवीत असतानाची गोष्ट. मामाची होडी होती, एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. खांदेरीच्या अलीकडे ती एकदा बंद पडली. मी लहान होतो, घाबरून रडायच्या बेतात. दादाने शांतपणे पाना काढला, डिझेलच्या नळीतली हवा काढली, नोझल उघडून साफ केलं, परत बसवलं आणि मामाला म्हणाला, "मारा हँडल." तिसऱ्या फटक्याला इंजिन चालू! त्याच वर्षी वार्षिक परीक्षेत विज्ञानात त्याला शंभरपैकी अडतीस मार्क पडले. सरांनी मामाला शाळेत बोलावून सांगितलं, "याचं डोकं अभ्यासात नाही."

सर वाईट नव्हते. त्यांच्याजवळ दादाचं डोकं मोजायला जी पट्टी होती, तिच्यावर नोझलची खूणच नव्हती. पण त्यानंतर दादा स्वतःही तेच म्हणायला लागला, "आपलं डोकं नाय." आज पंचेचाळिशी ओलांडली तरी म्हणतो.

तर आजचा विषय हा. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात पाना कधी द्यायचा? आणि तो कोणी द्यायचा? साधा वाटतो, पण या प्रश्नाला दीड-दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा या किनाऱ्यावरून दिसतो.

सुरुवात जरा लांबून करतो. या किनाऱ्याला कारखानदारी नवी नाही. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या आरमाराच्या गुराबा आणि गलबतं बांधणारी, दुरुस्त करणारी माणसं याच कोकणपट्टीतली. गलबत बांधणं म्हणजे त्या काळचं हेवी इंजिनिअरिंगच. सागाचा योग्य सोट निवडायचा, फळीला बाक द्यायचा, सांधे असे बुजवायचे की पाणी आत येता कामा नये. याचा कुठे वर्ग भरत नव्हता. मुलगा बापाबरोबर जायचा. आधी नुसतं लाकूड धरायचं, मग करवत, मग रंधा... आणि दहा-बारा वर्षांनी तो मिस्त्री व्हायचा.

ही पद्धत अजून बघायची असेल तर पेणला जा. गणपतीच्या मूर्ती जिथे बनतात त्या जागेला तिथे 'कारखाना' म्हणतात. पोरगं आधी माती मळतं, मग साच्यातून अंग काढायला शिकतं, मग रंग. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, हात बसल्यावर. प्रश्नपत्रिका नाही, सर्टिफिकेट नाही. पण डोळे कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता हे सगळं ऐकून लगेच 'आमच्या पूर्वजांचं बघा' असं म्हणायची घाई नको. या पद्धतीची दुसरी बाजूही होती. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. हातातली कला जातीच्या बाहेर जायची नाही आणि पाटी-पेन्सिल कारागिराच्या घरात यायची नाही. हात एका घरातला, पाटी दुसऱ्या घरातली. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. इंग्रजांनी शाळा आणल्या, हळूहळू त्या सगळ्यांना उघड्याही झाल्या (निदान कागदावर). पण शाळेत आली ती फक्त पाटी. हात वर्गाबाहेरच राहिला.

मुंबईत काय झालं बघा. पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसं तयार करून देणारी मोठी संस्था, म्हणजे आपली व्हीजेटीआय, निघाली १८८७ मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. म्हणजे कारखाना आधी आणि शाळा तीस वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

शाळेतच हाताला काम द्यावं हा विचार कोणाला सुचलाच नाही असं मात्र नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. नंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. हीच ती 'नई तालीम'. मुलाने चरखा, शेती किंवा सुतारकाम असं एखादं काम करायचं आणि त्या कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची. गंमत म्हणजे त्याच १९३७ साली इंग्रज सरकारचा व्यवसाय शिक्षणावरचा वुड-ॲबट अहवालही आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या. म्हणजे रिक्वायरमेंट सगळ्यांना कळली होती. कोड मात्र कोणी लिहीत नव्हतं.

स्वतंत्र भारताने कोड लिहिलं ते दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, म्हणजे ज्याला आपण अप्रेंटिस ॲक्ट म्हणतो तो. दोन्ही गोष्टी चांगल्याच. आयटीआयने या देशाला लाखो फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन दिले. भिलाईपासून पिंपरीपर्यंत जे काही उभं राहिलं, त्याच्या नटबोल्टांवर त्यांचे हात फिरलेले आहेत. पण एक घोळ झाला. आयटीआय शाळेच्या बाहेर आणि शाळेच्या नंतर आली. शाळा होती तशीच राहिली, हात न मळवता. त्यामुळे आपोआप एक चाळणी तयार झाली. मार्क मिळाले तर अकरावी सायन्स, जरा कमी पडले तर कॉमर्स-आर्ट्स, आणि काहीच जमलं नाही तर आयटीआय. हुन्नर शिकणं हे नापास होण्याचं दुसरं नाव झालं.

आता थोडं आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या विषयाबद्दल, म्हणजे डेडलाईनबद्दल. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने म्हटलं की १९८६ पर्यंत दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत. १९८६ उजाडलं, तेव्हा नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि नवं लक्ष्य आलं: उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२ मध्ये ते धोरण सुधारलं, आणि तेच आकडे आता १९९५ आणि २००० वर ढकलले गेले. मग २०२० चं नवं धोरण. त्यात म्हटलं की २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. याच २०२० च्या दस्तऐवजात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा दाखला देऊन कबूल केलंय की १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६.

एखाद्या प्रोजेक्टची डेडलाईन पन्नास वर्षांत तीनदा सरकली, तर त्या मॅनेजरचं अप्रेझल काय होईल? असो.

आता परत किनाऱ्यावर येऊ.

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. खोतांच्या अटींवर शेती कसायची नाही म्हणून १९३३ मध्ये इथल्या कुळांनी संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा. सात वर्षं जमिनी पडीक ठेवून, जंगलातली लाकडं विकून, उपाशी राहून माणसं लढली. स्वातंत्र्यानंतर कूळकायदे आले आणि या पट्ट्यातल्या अनेक कसणाऱ्यांच्या नावावर पहिल्यांदा जमीन लागली.

आणि मग १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं. तेलाबरोबर गॅस आला. तो समुद्राखालच्या नळातून उरणला उतरला आणि या जिल्ह्याचं नशीबच बदललं. (जिल्ह्याचं नावही बदललं. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला.) उरणला ओएनजीसी, गॅसवर चालणारं वीज केंद्र. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर थळचा खत कारखाना. नव्वदच्या सुमारास नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर, जो आता रिलायन्सकडे आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर. नव्वदच्या दशकात धरमतर खाडीच्या काठी डोलवीला इस्पातचा पोलाद कारखाना, जो २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला विक्रम इस्पात, ते २००९ मध्ये वेलस्पन झालं, मग तेही जेएसडब्ल्यू. काशीदला जाताना साळावचं बिर्ला मंदिर तुम्ही पाहिलं असेल, ते त्या कारखान्याच्या पहिल्या मालकाच्या काळातलं.

म्हणजे तीन पिढ्यांचा हिशोब असा. आजा जमिनीसाठी लढला, बापाच्या नावावर ती लागली आणि नातू नोकरीच्या अर्जाला 'प्रकल्पग्रस्त' दाखला जोडत बसला. हे सहजासहजी झालं नाही. बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी जमिनी जाताना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर आले. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचं तत्त्व आलं आणि पुढे देशभर त्याचं नाव झालं.

जमिनीच्या मोबदल्याचं सूत्र रक्त सांडून का होईना, पण निघालं. नोकरीचं काय? तिथे सगळीकडे मागणी एकच: घरटी एक नोकरी. मागणी शंभर टक्के रास्त होती. पण इथे या गोष्टीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी अडचण आहे, म्हणून जरा थांबतो.

कापडगिरणीत हजारो माणसं लागायची आणि आडगावातून आलेला पोरगा बदली म्हणून लागून, मामा-काकाच्या शेजारी उभा राहून साच्यावर काम शिकायचा. खत कारखान्याचं तसं नाही. नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन घ्यायचा, चारशे-पाचशे अंश तापमानाला, वातावरणाच्या शेकडो पट दाबाखाली दोघांचा अमोनिया करायचा, आणि त्यावर कार्बन डायऑक्साइडची क्रिया करून युरिया. हे सगळं बंद नळांमधून चालतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसतात ते काटे आणि आकडे. अशा प्लांटला जमीन भरपूर लागते आणि माणसं त्या मानाने थोडी. जी लागतात त्यांना दाब, तापमान, प्रवाह हे शब्द नुसते पाठ असून चालत नाहीत, ते अंगात मुरलेले लागतात. शेजारी उभं राहून शिकायची सोय तिथे फार कमी.

आणि हे नुसतं पगारापुरतं नाही. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये नागोठण्याच्या प्लांटमध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं मेली. कारणांच्या खोलात मी जात नाही, तो माझा विषय नाही. पण अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला, अगदी कंत्राटी हेल्परलासुद्धा, नळात काय आहे आणि वास आला तर काय करायचं हे पुरतं ठाऊक असणं म्हणजे काय, ते त्या एका बातमीवरून कळावं.

आता क्रम आठवा: कारखाना आधी, शाळा नंतर. गॅस उतरणार हे १९७४ नंतर सगळ्यांना माहीत होतं. खतासारखा कारखाना एका रात्रीत उभा राहत नाही. सर्व्हे, जमीन, बांधकाम, चाचण्या यांत वर्षानुवर्षं जातात. तेवढ्या काळात आठवीतला पोरगा दहावी होऊन, आयटीआय करून, अप्रेंटिसशिप संपवून गेटवर उभा राहू शकतो. हिशोब काही अवघड नाही: तीन वर्षं शाळेची, दोन फिटर किंवा इलेक्ट्रिशियनची, एक अप्रेंटिसची. सहा वर्षं. पण ज्या दिवशी जमिनीची नोटीस निघाली, त्या दिवशी त्या गावच्या शाळेत आठवीच्या वर्गाला एक वर्कशॉप द्यावं असं कुठल्याच फाइलवर आलं नाही. तांत्रिक माध्यमिक शाळा राज्यात होत्या, पण ठराविक ठिकाणी. रायगडच्या नावाने मोठी तंत्रसंस्था म्हणजे लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. त्याचा कायदा झाला १९८९ मध्ये, थळ चालू झाल्यानंतर. संस्था उत्तम आहे, दहावीनंतर पेट्रोकेमिकलचा डिप्लोमाही तिथे आहे. पण तिथे पोचायचं तर दहावीच्या त्याच चाळणीतून जायचं. अडतीस मार्कवाल्याला ती दारं बाहेरूनच बघायची.

त्यामुळे झालं असं की नोकरी हा जमिनीचा मोबदला ठरला, आणि शिक्षण हा त्या मोबदल्यातला कोणाच्याच खात्यावर नसलेला खर्च.

दादाचंच पुढचं सांगतो. १९९४ मध्ये तो दहावी झाला. दुसऱ्या यादीत आयटीआयला नंबर लागला, फिटर ट्रेड. पहिले काही महिने नुसतं फायलिंग. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून कानसीने घासत राहायचं, चारही कडा काटकोनात येईपर्यंत. बाकीची पोरं वैतागायची. दादाला मजा यायची. आणि एक दिवस हातात व्हर्नियर कॅलिपर आला. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारं यंत्र! तो सुट्टीत घरी आला तेव्हा तासभर तेच सांगत होता. मग जरा गप्प होऊन म्हणाला, "हा शाळेत पण होता रे. लॅबच्या कपाटात. पाच वर्षं कुलपात बघितला."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

अप्रेंटिसशिप त्याला किनाऱ्यावरच्याच एका मोठ्या कारखान्यात मिळाली. वर्षभर काम मन लावून केलं. पण १९६१ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवाराला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. (२०१४ च्या दुरुस्तीने एवढंच आलं की अप्रेंटिसना घेण्याबाबत प्रत्येकाने स्वतःचं धोरण ठरवावं.) वर्ष संपलं, गेटपास परत घेतला. मग कंत्राटदाराकडे, त्याच कारखान्यात, त्याच पंपांवर, निम्म्या पैशात. मग आखातात, शटडाऊनच्या कामांवर. बारा वर्षं वाळवंटात दुसऱ्यांच्या रिफायनऱ्या उघडून बंद करून तो परत आला. आता गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. धंदा बरा चालतो.

तुम्ही म्हणाल, मग यावर उपाय काय? नुसत्याच रडकथा सांगू नकोस. ठीक आहे. उपाय फार लांब नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग नावाचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत पीएच.डी. केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी केलेले, १९८३ मध्ये त्या दुष्काळी गावात जाऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी गावच्या शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अभ्यासक्रम आखला. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, जमिनीची मोजणी करतात, मातीचं आणि रक्ताचं परीक्षणसुद्धा करतात. आणि मुख्य म्हणजे ही कामं खोटी नसतात. गावातल्या कोणाला गेट हवं असतं, ते मुलं बनवून देतात आणि त्याचे पैसे घेतात. गेट लागलं नाही तर गिऱ्हाईक बोलतं! याच्याइतकी चांगली टेस्टिंग टीम कुठे मिळेल? पुढे एसएससी बोर्डाने 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' म्हणून हा विषय मान्य केला आणि तो इतर शाळांतही पसरला. २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब निघाल्या, त्यांतली एक पाबळला निघाली. कालबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

पाबळचं वेगळेपण माझ्या मते एका गोष्टीत आहे. तिथे हाताचं काम सगळ्यांना आहे. पहिल्या नंबरच्या मुलीलाही आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही, आणि ते चाळणी लागण्याच्या आधी आहे. त्यामुळे पाना धरणं म्हणजे नापास होणं असा अर्थ तिथे होऊच शकत नाही. वेल्डिंग करणारा पुढे डॉक्टर होईल नाहीतर वेल्डर होईल, तो त्याचा प्रश्न. पण आपल्याला काय जमतं हे त्याला तेराव्या वर्षी कळलेलं असतं, आणि त्याच्या सरांनाही कळलेलं असतं. गेल्या दशकात राज्यातल्या काही शाळांत नववीपासून मल्टिस्किल, ऑटोमोबाइल असे विषय आले, तेही याच वाटेवरचं पाऊल. पण जिथे हे नववीत 'कच्च्या' मुलांचा विषय म्हणून दिलं जातं, तिथे जुनी चाळणी फक्त दोन वर्षं अलीकडे सरकते, बाकी काही बदलत नाही.

अर्थात आठवीत पाना दिला म्हणून कारखान्यातल्या जागा वाढणार नाहीत. कंत्राटी पद्धतही जाणार नाही. एवढं भाबडं मलाही वाटत नाही. पण गेटवर उभ्या राहिलेल्या पोराच्या हातात नुसता दाखला असणं आणि दाखल्याबरोबर हुन्नरही असणं, यात फरक आहे. तो फरक पडला असता तर घासाघीस निदान बरोबरीची झाली असती.

एवढं सगळं शहाणपण लिहून झाल्यावर आता एक कबुली.

मागच्याच महिन्यात आजोळी गेलो होतो. दादाच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, त्याची मुलगी इंजिनाचं हेड उघडून बसली होती. दहावीत आहे. हात कोपरापर्यंत काळे. फीलर गेज घेऊन टॅपेट सेट करत होती आणि बाप बाजूला खुर्चीत बसून चहा पीत होता, काही न बोलता. शाळेत मार्कही चांगले आहेत तिला, नशिबाने म्हणा. तिने मान वर न करताच विचारलं, "काका, दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करू का अकरावी सायन्स?"

आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "मार्क चांगले आहेत ना? मग अकरावी सायन्स!"

दादाने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला. रागाने नाही. तेच ते, डोकं नसलेल्या माणसाचं हसू.

शाळेला, सरकारला, कारखानेवाल्यांना नावं ठेवत मी इथपर्यंत आलो खरा. पण ती चाळणी माझ्याही घरात टांगलेली आहे, अगदी हाताशी. तुमच्याही असेल. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलाला, मार्क चांगले असताना, हाताचं काम शिकायला पाठवण्याचा नुसता विचार तरी केलाय? मी तरी नव्हता केला.

संध्याकाळी निघताना तिला म्हटलं, मघाशी घाईत बोललो, आपण लोणेऱ्याला जाऊन एकदा बघून येऊ. दोन्ही बघू, मग तू ठरव. ती म्हणाली, "चालेल," आणि परत टॅपेटकडे वळली. इंजिन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला द्यायचं होतं.

पुढच्या शनिवारी जाणार आहोत.